ट्रक कॅम्पर : चढविणे व उतरविणे

पिकअप ट्रकच्या उघड्या हौद्यात बसविण्याची, वापरणाऱ्याला स्वतः चढविता-उतरविता येणारी राहण्याची खोली म्हणजे ट्रक कॅम्पर. या पेटीला स्वतःची चाके नसतात. तिचा खालचा अरुंद भाग हौद्यात, मागील चाकांवरच्या उंचवट्यांच्या मधे बसतो. वरचा रुंद भाग हौद्याच्या दोन्ही काठांवरून बाहेर येतो आणि बिछान्याचा भाग चालकाच्या केबिनच्या टपावर झेपावतो. आत ओटा, शेगडी, शीतपेटी, पाण्याच्या टाक्या व बहुधा शौचकूप असते. मुख्य प्रसार अमेरिकेची संयुक्त संस्थाने व कॅनडा या देशांत आहे. तेथील पिकअपचा लांब हौदा ८ फूट (२.४४ मी.), तर आखूड हौदा बहुधा ६.५ फूट (सु. २ मी.) असतो व कॅम्पर त्या मापांनुसार बांधले जातात. कापडी बाजू व उचलते छप्पर असलेले हलके कॅम्पर साधारण ५०० ते ९०० किग्रॅ. भरतात, कठीण भिंतींचे मोठे कॅम्पर सामानासह २,००० किग्रॅ.च्या आसपास जातात. हे सगळे वजन माणसाला चार बारीक पायांवर (जॅकांवर) उचलून, त्याखाली गाडी मागे घेऊन, पुन्हा खाली टेकवायचे असते. म्हणून चढविण्याच्या क्रियेला या विषयात स्वतंत्र स्थान आहे.

इतिहास : गाडीच्या सांगाड्यावर राहण्याची पेटी बसविण्याची कल्पना फारशी नवी नाही. फोर्ड मॉडेल टीच्या सांगाड्यावर बसविण्याची ‘लॅमस्टीड कॅम्पकार’ ही पेटी १९२० च्या सुमारास सेंट लुईस येथील अन्हॉयझर-बुश या मद्य कंपनीच्या कारखान्यात तयार होत असे. मिशिगन राज्यातील बे सिटी येथील झॅगेलमायर यांच्या ‘कॅम्पर-कार’ साधारण त्याच काळातील. काही लेखक कॅम्परची वंशावळ येथून सुरू करतात. तथापि या पेट्या सांगाड्यावर कायमच्या जोडलेल्या असत. मालकाने हवी तेव्हा काढून ठेवावी व गाडी पुन्हा मालवाहतुकीस वापरावी, हे आजच्या कॅम्परचे मुख्य लक्षण त्यांत आढळत नाही. त्यामुळे त्यांना पूर्वज न मानता समांतर शाखा मानणे अधिक योग्य दिसते.

काढ-घालीच्या कॅम्परचा आद्य निर्माता कोण, याविषयी एकमत नाही. कॅलिफोर्नियातील टॉरन्स येथील वॉल्टर किंग यांचे नाव सर्वाधिक घेतले जाते. त्यांचा पहिला कॅम्पर सामान्यतः १९४० च्या दशकाच्या मध्यास ठेवतात. मिशिगनमधील क्री यांच्यासाठीही जवळपास त्याच सुमाराचा दावा केला जातो. दुसऱ्या महायुद्धानंतर पिकअप घरोघर पोहोचत होते. शिकारीला व मासेमारीला जाणाऱ्यांनी प्लायवुडच्या पेट्या घरच्या घरी ठोकल्या होत्या. अशा परिस्थितीत एकाच मूळ पुरुषाचा आग्रह धरण्यापेक्षा दोन-तीन ठिकाणी स्वतंत्रपणे हा प्रकार उदयास आला, हे मत अधिक पटण्याजोगे आहे. १९५० च्या दशकात आर. डी. हॉल यांचा ‘अलास्कन’ कॅम्पर पुढे आला. त्याचा वरचा अर्धा भाग द्रवचालित यंत्रणेने उचलला जाई व प्रवासात खाली बसे. उंची घटल्याने गुरुत्वमध्य खाली राहतो, हा त्याचा खरा लाभ होय.

१९६० च्या दशकात मोटार कंपन्यांनी कॅम्परसाठी जड स्प्रिंगांच्या गाड्या ‘कॅम्पर स्पेशल’ सारख्या नावांनी विकण्यास सुरुवात केली. शेव्हरोलेच्या १९६८ पासूनच्या ‘लाँगहॉर्न’ पिकअपला तर ८.५ फुटांचा हौदा दिला होता. १९७३ च्या तेलसंकटानंतर या बाजारास ओहोटी लागली.

वजन व गुरुत्वमध्य : चढविताना होणाऱ्या चुका डोळ्यांना दिसतात, परंतु कॅम्परचे बहुतेक गंभीर धोके गाडी व पेटी यांची जोडी चुकीची जमविल्याने आलेले असतात. अमेरिकेत १ जानेवारी १९७३ पासून ‘ट्रक-कॅम्पर भारण’ या नावाचे संघीय सुरक्षा मानक क्रमांक १२६ लागू झाले. (हा क्रमांक २००७ पासून इलेक्ट्रॉनिक स्थिरता नियंत्रणाच्या मानकाला दिलेला आहे; कॅम्परविषयक तरतुदी संघीय नियमावलीच्या भाग ५७५ मध्ये आढळतात. जुने लेख वाचताना या बदलामुळे घोटाळा होतो.) या तरतुदींनुसार कॅम्परवर त्याचे कमाल वजन लिहिलेली पट्टी लावावी लागते. त्या वजनात मूळ साधनसामग्रीसह किती गॅलन पाणी, किती पौंड गॅस व केवढी शीतपेटी धरली आहे, हे पट्टीवरच नमूद असते. ट्रकनिर्मात्याने मालभाराची मर्यादा व त्या भाराचा गुरुत्वमध्य हौद्यात कोणत्या पट्ट्यात पडावा, हे सांगायचे असते. या मर्यादेत केबिनमधील माणसे आधीच वजा केलेली असतात, पण प्रत्येक आसनामागे १५० पौंड (६८ किग्रॅ.) या दराने. चार धष्टपुष्ट प्रवासी असतील तर येथेच शंभरेक किलोंची तफावत पडू शकते.

जाहिरातीतील ‘कोरडे वजन’ (पाणी, गॅस व सामान न धरता केलेले) व पट्टीवरील वजन एक नव्हेत. अमेरिकन गॅलनभर पाणी ८.३४ पौंड भरते. ४० गॅलनांची टाकी म्हणजे सु. १५० किग्रॅ. त्यात बॅटऱ्या, छपरावरचे वातानुकूलन यंत्र, भांडीकुंडी, अंथरूण-पांघरूण व डबाबंद खाद्य यांची भर पडते. म्हणून छापील आकड्यांची बेरीज करीत बसण्यापेक्षा सर्व सामान भरून गाडी वजनकाट्यावर नेणे हाच विश्वसनीय मार्ग होय. अमेरिकेतील महामार्गांवरच्या ट्रकथांब्यांवर पुढील व मागील आसाचे वजन वेगवेगळे देणारे काटे असतात. गाडीची एकूण मर्यादा पाळली गेली, पण मागील आसाची किंवा टायरची ओलांडली, असे पुष्कळदा आढळते. एकूण वजनाचा एकच आकडा ही गोष्ट लपवितो.

गुरुत्वमध्याचे गणित तरफेचे आहे. दोन आसांतील अंतर ४ मी. व कॅम्पर १,४०० किग्रॅ. धरू. त्याचा गुरुत्वमध्य मागील आसाच्या २५ सेंमी. पुढे पडला, तर ८७.५ किग्रॅ. भार पुढील आसावर जातो व उरलेला मागील आसावर. तोच मध्य आसाच्या २५ सेंमी. मागे पडला, तर पुढील आस ८७.५ किग्रॅ.ने हलका होतो व मागील आसावर कॅम्परच्या वजनापेक्षाही अधिक, म्हणजे १,४८७.५ किग्रॅ. भार येतो. सुकाणूची पकड सैल होते, पुढचे ब्रेक कमी काम करतात, दिव्यांचे झोत वर जातात. आठ फुटी हौद्यासाठी बांधलेला कॅम्पर आखूड हौद्यात ठेवल्यास नेमके हेच घडते. पेटी मागे लोंबते, फाळका (हौद्याचे मागील झाकण) काढला म्हणजे ती बसते, पण बसणे म्हणजे पेलणे नव्हे. प्रवासात स्वच्छ पाणी संपून सांडपाण्याच्या टाक्या भरत जातात. या टाक्या वेगळ्या जागी असतील तर मध्यही सरकतो. बारीक हिशेब करणारे निघतानाची व परततानाची अशी दोन्ही वजने काट्यावर घेतात.

चढविणे : जागा सपाट व कठीण असावी. जॅकच्या पायांखाली रुंद फळ्या देतात, म्हणजे पाय मातीत किंवा उन्हाने मऊ झालेल्या डांबरात रुतत नाही. वाऱ्याच्या दिवशी हे काम करू नये. उंच भिंतींची पेटी पायांवर असताना शिडासारखी वारा धरते. ट्रकचा फाळका काढून ठेवतात (नव्या गाड्यांत त्यातील कॅमेऱ्याची तार आधी सोडवावी लागते), हौदा झाडतात आणि तळाशी रबरी चटई अंथरतात. रंगविलेल्या पत्र्यावर पेटीचा तळ घसरतो, रबरावर तो धरून राहतो. नव्या पिकअपचे काठ व टप पूर्वीपेक्षा उंच असल्याने काहींना चटईखाली फोमचे किंवा प्लायवुडचे थर द्यावे लागतात. ते न दिल्यास पेटीचे बाहेर आलेले काठ हौद्याच्या काठांवर टेकतात, किंवा बिछान्याचा भाग टपावर घासतो. पेटीचे वजन तळावरच टेकले पाहिजे, काठांवर नव्हे.

जॅक चार कोपऱ्यांवर असतात; हाताने फिरविण्याचे, द्रवचालित व विजेचे असे प्रकार आहेत. उचलण्यापूर्वी ते पेटीला जेथे बोल्टांनी जोडले आहेत ती जागा तपासावी. जुन्या कॅम्परांचा सांगाडा लाकडी असतो, छपराच्या सांध्यातून झिरपलेले पाणी कोपऱ्यात उतरते व तेथील लाकूड बाहेरून शाबूत दिसत आतून कुजलेले असते. बोटाने दाबल्यास पत्रा दबला, तर त्या कोपऱ्यावर भार देऊ नये. चारही जॅक एकदम, किंवा पुढची जोडी व मागची जोडी आळीपाळीने थोडी थोडी उचलतात. एकच कोपरा पुढे पळाला की पेटी पिळवटते. नाक शेपटीपेक्षा किंचित वर ठेवावे, असा सर्वमान्य संकेत आहे. केबिनवर झेपावणारा भाग पुढच्या जॅकांच्याही पुढे असतो. नाक खाली गेले की भार त्या दोन पायांकडे सरकतो. रिकाम्या ट्रकची मागची बाजू भरलेल्या ट्रकपेक्षा कित्येक सेंटिमीटर उंच असते, तेवढी उंची जास्तीची धरावी लागते.

जॅकचे पाय उभा भार पेलतात, आडवा धक्का पेलत नाहीत. या एका गोष्टीत चढविण्याचे बहुतेक नियम सामावलेले आहेत. मागे येणारी गाडी पेटीला जराशी लागली तरी चारही पाय एका दिशेने कलतात, आणि कललेल्या पायाला वरचे वजन आणखी कलविते. म्हणून गाडी ढकलून पेटी ‘सरळ करण्याचा’ प्रयत्न करू नये. गाडी पुढे घेऊन पुन्हा यावे.

चाकांवरच्या उंचवट्यांमधील अंतर अनेक गाड्यांत सु. १.२५ मी. असते व पेटीचा तळ त्याहून थोडाच अरुंद. दोन्हीकडे बोटभर-दोन बोटे जागा उरते. पेटीच्या पुढच्या भिंतीच्या मध्यावर रंगीत पट्टी लावून किंवा ओळंबा सोडून, हौद्याच्या पुढील मध्यबिंदूशी ती रेषा जुळवीत गाडी मागे घेतात. तिरके सुकाणू हौद्याच्या तोंडाशीच सुधारावे. पेटी उंचवट्यांपर्यंत आल्यावर सुधारणेस जागा उरत नाही. मागे उभा राहून हात दाखविणारा माणूस असावा. आपल्याकडे ट्रक मागे घेताना क्लीनर जे करतो तेच त्याचे काम, मात्र त्याने पेटीखाली किंवा पेटी व गाडी यांच्या मधे कधीही उभे राहू नये. खुणा आधी ठरवाव्यात व ‘थांब’ ही खूण कोणीही दिली तरी थांबावे. मागे चार चाके असलेल्या ट्रकची मागील बाजू सु. २.४ मी. रुंद असल्याने पुढचे जॅक बाहेर वळविण्याच्या बिजागऱ्या लागतात.

पेटी हौद्याच्या पुढच्या भिंतीशी रबरी ठोकळ्यांना टेकली की हातब्रेक ओढून, चाकांना ठोकळे लावून ती उतरवीत नेतात. ट्रकचे पाटे (स्प्रिंगा) दबू लागतात व जॅकचा पाय हाताने हलविण्याइतका सैल होतो, तेव्हा भार गाडीवर आला असे समजावे. चारही पाय असे सैल झाल्यावरच ते पूर्ण वर घेतात.

बांधणे : चार कोपऱ्यांना स्प्रिंग असलेले टर्नबकल (फिरवून ताण देण्याचे दुवे) लावतात, पुढचे पुढे व खाली, मागचे मागे व खाली ओढतात. ते कशाला अडकवावेत, याबद्दल दोन पक्ष आहेत. एक पक्ष हौद्याच्या पत्र्याला जोडलेल्या कड्या पुरेशा मानतो, दुसरा चासीला (गाडीच्या सांगाड्याला) जोडलेले आधार हवेत असे म्हणतो. फोर्डच्या एफ-१५० चा हौदा २०१५ पासून व जड पिकअपचा २०१७ पासून ॲल्युमिनियमचा आहे. पातळ पत्र्याचा विचार करता जड कॅम्परसाठी चासीचा पक्ष बळकट ठरतो. हलक्या उचलत्या छपराच्या कॅम्परांना पहिली पद्धत चालते. टर्नबकल अतिरेकी ताणल्यास पेटीचीच कडी उपटते. विजेची तार जोडून दिवे तपासावेत, टायरमध्ये भाराप्रमाणे हवा भरावी, आणि पहिल्या काही मैलांनंतर थांबून ताण पुन्हा पाहावा, कारण पेटी तोवर रबरात बसलेली असते.

उतरविणे : क्रम उलटा. आधी तार व टर्नबकल सोडवितात. तार विसरून गाडी पुढे घेणे ही नित्याची चूक आहे. पेटी उचलून गाडी सावकाश सरळ बाहेर काढतात व लगेच पेटी शक्य तितकी खाली आणतात. उंच पायांवर ती ठेवून देऊ नये. पायांवर असताना आत राहायचे असल्यास, किंवा सरकते कक्ष (पेटीच्या भिंतीतून बाहेर सरकणारे भाग) उघडायचे असल्यास, निर्मात्याने तशी मुभा दिली आहे का हे पाहावे व तळाखाली स्वतंत्र टेकू द्यावेत.

इतर देश : ऑस्ट्रेलियात सपाट फळीच्या ‘यूट’वर (तेथील पिकअपवर), जर्मनीत छोट्या पिकअपवर व जपानमध्ये लघुट्रकांवर या प्रकारचे कॅम्पर बसवितात. भारतात हा प्रकार विरळा आहे. येथे मिळणाऱ्या इसुझू व्ही-क्रॉस, टोयोटा हायलक्स यांसारख्या दुहेरी केबिनच्या पिकअपचा हौदा सु. दीड मीटरच असल्याने गुरुत्वमध्य मागे जाण्याचा प्रश्न अधिक तीव्र होतो. मोटार वाहन अधिनियम, १९८८ चे कलम ५२ गाडीच्या मूळ रचनेतील बदलांवर निर्बंध घालते. महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटन धोरण स्वीकारले.