महिलांसाठीची मदत आणि जेंडर प्रायॉरिटी: पॅलेस्टाईनमध्ये हे दोन वेगळे का धरायचे

पॅलेस्टाईन सरकार आणि परदेशी मदत यावर काहीही वाचायला घ्या, 'महिलांसाठी निधी' आणि 'जेंडर प्रायॉरिटी' हे दोन शब्द जोडीनेच येतात, आणि मग वाटायला लागतं की एकच गोष्ट आहे. तर नाहीये.

पहिलं ओळखायला सोपं. फेब्रुवारी २०१८ ला मोदी रामल्लाला, म्हणजे पॅलेस्टाईन सरकार बसतं त्या शहरात, गेले होते, तेव्हा झालेल्या करारांमध्ये 'तुराथी' नावाचं महिला सक्षमीकरण केंद्र होतं, त्यासाठी भारताचे ५० लाख डॉलर. देणारा ठरलेला, रक्कम ठरलेली, उद्या फीत कापली की फोटोही मिळतो. यात वाईट काही नाही, पण हे बाहेरून आलेलं काम आहे.

प्रायॉरिटी म्हणजे सरकार स्वतः काय आधी हातात घेतं ते. कायदा बदलायचा का, बजेट करताना कुठल्या खर्चाचा फायदा बायकांपर्यंत पोचतो ते बघायचं का, वरच्या पोस्टवर कोण बसणार वगैरे. त्यासाठी २००३ मध्ये महिला व्यवहार मंत्रालय काढलं, पण शाळा, दवाखाने, पोलीस सगळं दुसऱ्या मंत्रालयांकडे, म्हणून तिथेही जेंडर युनिट, म्हणजे बायकांचे प्रश्न बघणारे छोटे विभाग, नेमले. आता या युनिटचं दुखणं आपल्याकडच्या कुठल्याही सरकारी ऑफिसात काम केलेल्याला लगेच कळेल: टेबल-खुर्ची आहे, पण पैशाचा निर्णय होतो त्या मीटिंगला बोलावतीलच असं नाही. ट्रेनिंग आणि वर्कशॉपला मात्र परदेशी पैसा मिळून जातो, मग रिपोर्टमध्ये भरपूर काम दिसतं.

गोंधळ होतो तो लेबलमुळे. देणगीदार देश ओईसीडी या श्रीमंत देशांच्या संघटनेच्या पद्धतीने प्रोजेक्टला मार्क देतात, २ म्हणजे जेंडर हाच मुख्य हेतू, १ म्हणजे अनेक हेतूंपैकी एक, ० म्हणजे नाही. पण हा मार्क देणाऱ्याच्या हेतूला असतो, घेणाऱ्या मंत्रालयाने पुढे काय केलं त्याला नाही! आणि उलटंही होतं. युरोपियन युनियनची पेगास व्यवस्था २००८ पासून सरकारी पगारांना हातभार लावते, नावात महिला कुठेच नाही, तरी शिक्षिका आणि नर्स यांच्या घरात तो पैसा जातोच.

आता खरी प्रायॉरिटी बघायची तर कायद्याकडे बघा. बलात्काऱ्याने पीडितेशी लग्न केलं की सुटका, ही वेस्ट बँकेतली जुनी जॉर्डनच्या कायद्यातली तरतूद २०१८ मध्ये काढली. २०१९ मध्ये लग्नाचं वय १८ केलं, अपवाद ठेवून. हे दोन्ही बदल राष्ट्राध्यक्षांच्या वटहुकुमाने झाले, कारण संसद २००७ पासून बसलेलीच नाही. (हे सगळं रामल्लाच्या सरकारबद्दल, गाझाचा कारभार २००७ मध्येच हमासने हातात घेतला.) या बदलांना कुठली इमारत लागली नाही.

दोन्ही एकच समजण्याची किंमतही मोजावी लागते. सीडॉ करार, म्हणजे महिलांविरुद्धचा भेदभाव संपवण्याचा संयुक्त राष्ट्रांचा करार, पॅलेस्टाईनने २०१४ मध्ये एकही अट न घालता स्वीकारला, पण २०१९ च्या शेवटी वेस्ट बँकेतल्या हेब्रॉन शहराच्या मोठ्या घराण्यांनी उघड विरोध केला, रोख असा की हे पाश्चात्त्यांचं खूळ आहे. ज्याची खावी पोळी त्याची वाजवावी टाळी, असा संशय लोकांच्या मनात बसवायला फार कष्ट लागत नाहीत, विशेषतः प्रत्येक बॅनरवर देणाऱ्यांचे लोगो असतील तर. पण पॅलेस्टिनी महिलांची जनरल युनियन १९६५ ची आहे, म्हणजे तिथल्या सरकारपेक्षा जवळजवळ तीस वर्षांनी मोठी, तेव्हा बायकांच्या हक्कांची मागणी परदेशी प्रोजेक्टसोबत आली असं म्हणणं चुकीचंच. कौटुंबिक हिंसाचारापासून संरक्षणाचा मसुदा मात्र याच ओढाताणीत वर्षानुवर्षं अडकला, आणि त्याला सही हवी होती, फंड नव्हे.