बिडाचा तवा आणि गाडीची डिस्क

घावनं काढायचा बिडाचा तवा आणि मोटारीची ब्रेक डिस्क (चाकाबरोबर फिरणारी, ब्रेकसाठीची चकती) एकाच जातीच्या लोखंडाची. हे बीड तुटलं की कड राखाडी दिसते, कारण आत ग्रॅफाइटच्या बारीक पाकळ्या पसरलेल्या असतात. या पाकळ्या उष्णता झटकन पसरवतात आणि थरथर जिरवतात. शिवाय बीड स्वस्त. इतक्या वर्षांत त्याला सहज हटवता आलेलं नाही ते यामुळेच.

ताशी १०० किमी वेगाने धावणाऱ्या १५०० किलोच्या गाडीत सुमारे ५.८ लाख जूल ऊर्जा असते. करकचून ब्रेक मारला की त्यातली बहुतेक चारेक सेकंदांत डिस्क आणि तिला दोन्ही बाजूंनी आवळणाऱ्या पॅडमध्ये उष्णता होऊन उतरते. तेवढ्या ऊर्जेत पावणेदोन लिटर पाणी उकळीला येईल. वेग दुप्पट, तर उष्णता चौपट.

मोठी डिस्क लावली की गाडी लवकर थांबते, असं गॅरेजवर ठासून सांगतात. पण एबीएस, म्हणजे चाक अडकू न देणारी यंत्रणा, लागेपर्यंत ब्रेक दाबता येत असेल, तर पुढचं सगळं टायरच्या पकडीवर. पहिल्या ब्रेकला फरक कळणार नाही, दहाव्याला कळेल. आंबेनळी घाट उतरताना जो जळका वास येतो, तो बहुधा तापलेल्या पॅडमधल्या रेझिनचा, म्हणजे पॅडचा माल बांधून ठेवणाऱ्या डिंकासारख्या पदार्थाचा. आणखी तापलं की पायाचा दाब चाकापर्यंत पोचवणारं ब्रेक ऑइल उकळतं, त्यात बुडबुडे होतात. तेल दाबलं जात नाही, बुडबुडा जातो; पाय थेट तळाला.

म्हणून चांगली डिस्क म्हणजे उष्णता साठवणारी आणि पटकन टाकून देणारी. तिच्या दोन चकत्यांच्या मध्ये पाती असतात. डिस्क फिरली की ती पंख्यासारखी मधून हवा ओढून कडेने बाहेर फेकते. पाती वाकडी असतील तर डावी-उजवी डिस्क वेगळी. अदलाबदल झाली की पंखा नीट हवा ओढत नाही, आणि बाहेरून पाहून हे लक्षातही येत नाही. डिस्कला पाडलेली भोकं दिसायला झकास, पण जड गाडीत रेसट्रॅकवर तडे तिथूनच सुरू होतात. त्यापेक्षा खाचा बऱ्या. महागड्या डिस्कचा मधला भाग ॲल्युमिनियमचा असतो. वजन घटतं, आणि तापलेल्या कड्याला न वाकता फुगायला मोकळीक मिळते.

त्याच्या वरची पायरी कार्बन-सिरॅमिकची. कार्बन तंतूंच्या साच्यात १४००हून जास्त अंशांवर वितळलेलं सिलिकॉन मुरवतात. पोर्शने २००१च्या ९११ जीटी२ला अशा डिस्क दिल्या. बिडाच्या निम्म्या वजनाच्या. चाकाचं वजन घटल्याने गाडी खड्ड्यांवर जास्त आज्ञाधारक होते, हा फायदा मला थांबण्यापेक्षा मोठा वाटतो.

फॉर्म्युला वनची डिस्क मात्र नुसत्या कार्बनची. १००० अंशांना लालभडक होऊनही काम करते, पण गार असली की पॅड तिला नीट धरतच नाही. म्हणून शर्यतीआधीच्या फेरीत ड्रायव्हर समोर कुणी नसतानाही पुन्हापुन्हा ब्रेक दाबत जातात. तवा तापल्याशिवाय पीठ कोण घालतं?