पद्मिनीचा घसा किती मोठा हवा?

माझ्या आतेभावाची प्रीमियर पद्मिनी गिरगावात वाडीच्या तोंडाशी ताडपत्रीखाली उभी असते. कुर्ल्याच्या कारखान्यात घडलेली, १०८९ सीसी इंजिनाची गाडी. गेल्या वर्षी त्याने तिचा मूळचा एक-घशी सोलेक्स कार्ब्युरेटर (इंजिनात जाणाऱ्या हवेत पेट्रोल मिसळणारा भाग) काढला आणि चोरबाजारातून आणलेला एका मोठ्या गाडीचा कार्ब्युरेटर अ‍ॅडॉप्टर प्लेट लावून बसवला. पहाटे मोकळ्या ईस्टर्न फ्रीवेवर गाडी सुसाट गेली. त्याच दिवशी सकाळी दहाला लालबागला मात्र ती तीन सिग्नलना बंद पडली. क्लच सोडला की आचके द्यायची, एक्सलेटर दाबला की क्षणभर गप्प व्हायची. प्लग नवे, पेट्रोल स्वच्छ, पंप ठीक. कार्ब्युरेटरही निर्दोष होता. चुकलं होतं ते घशाचं माप.

कार्ब्युरेटरमध्ये पेट्रोल ढकललं जात नाही, ते ओढलं जातं. हवेची वाट मध्येच अरुंद केलेली असते, त्याला व्हेंच्युरी म्हणतात. हाच घसा. तिथे हवेचा वेग वाढतो आणि वेग वाढला की दाब कमी होतो. कार्ब्युरेटरच्याच फ्लोटच्या वाटीत थोडं पेट्रोल साठलेलं असतं, त्यावर बाहेरच्या हवेचा दाब असतोच. दाबांच्या या फरकामुळे पेट्रोल जेटमधून, म्हणजे मापाच्या बारीक छिद्रातून, वर चढतं आणि तुषार होऊन हवेत मिसळतं. सगळी करामत या ओढीची आहे, आणि ओढ हवेच्या वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात असते. वेग निम्मा झाला की ओढ चौथाईवर येते.

आता पद्मिनीचा हिशेब. फोर-स्ट्रोक इंजिन दोन फेऱ्यांत एकदा आपल्या क्षमतेएवढी हवा घेतं. मिनिटाला ५००० फेऱ्यांवर १.०८९ लिटर गुणिले २५०० म्हणजे मिनिटाला सुमारे २७२० लिटर. सिलिंडर पुरते भरत नाहीत, म्हणून ८० टक्के धरू, तर साधारण २१८० लिटर. घसा २४ मिमीचा धरला तर तिथे हवा सेकंदाला ८० मीटर वेगाने जाते, ओढ भरपूर. पण लालबागला इंजिन ५००० वर नसतं. १५०० फेऱ्यांवर, एक्सलेटर पूर्ण दाबला तरी, वेग २४ मीटरवर येतो. एवढी ओढ पेट्रोलला फार तर पाच सेंटिमीटर वर चढवू शकते. काम भागतं.

आतेभावाने बसवलेला घसा ३४ मिमीचा होता. व्यास दहाच मिलिमीटरने वाढला, पण क्षेत्रफळ दुप्पट झालं, वेग निम्मा आणि ओढ चौथाई. पेट्रोल जेमतेम सव्वा सेंटिमीटर चढणार. वाटीतली पातळी नळीच्या तोंडापेक्षा काही मिलिमीटर खालीच ठेवलेली असते, म्हणजे निम्मी ओढ तिथपर्यंत पोचण्यातच खर्च होते. उरलेल्या ओढीत तुषार होत नाहीत, ठिबकणारे थेंब मिळतात. पेट्रोल हवेपेक्षा सुमारे ६०० पट जड. एक्सलेटर झटकन दाबला की हवा लगेच धावते, पेट्रोल मागे राहतं. ही उणीव भरून काढायला अ‍ॅक्सिलरेटर पंप पिचकारी मारतो, पण तोही क्षणापुरताच.

म्हणून कार्ब्युरेटर निवडताना पहिला प्रश्न असा हवा: ही गाडी दिवसातला बहुतेक वेळ किती फेऱ्यांवर चालते? आपल्याकडे हा प्रश्न फारसा कोणी विचारत नाही. मोठा घसा म्हणजे मोठी ताकद, हेच डोक्यात बसलेलं असतं.

अमेरिकेतल्या चार-घशी कार्ब्युरेटरांवर घनफूट प्रति मिनिट असा आकडा असतो. आपल्या पद्मिनीची ५००० फेऱ्यांवरची गरज त्या मापात सुमारे ७७ भरते. ५.७ लिटरच्या व्ही-८ इंजिनालाही ५५०० फेऱ्यांवर साधारण ४५० पुरतात, तरी लोक ७५० चा बसवतात. शिवाय दोन-घशी आणि चार-घशी कार्ब्युरेटर वेगवेगळ्या दाबफरकावर मोजतात, त्यामुळे ५०० चा दोन-घशी हा चार-घशीच्या मापात ३५० च्या आसपासच येतो. त्या चार-घशींतही दोन जाती आहेत. एकात मागचे दोन घसे इंजिनाची ओढ वाढली की आपोआप उघडतात, तो रस्त्यासाठी. दुसऱ्यात ते पायाबरोबर उघडतात, तो हलक्या आणि शर्यतीच्या गाडीसाठी.

चार सिलिंडरच्या गाडीला मला सर्वांत शहाणा वाटतो तो क्रमाने उघडणारा दोन-घशी डाउनड्राफ्ट, म्हणजे हवा वरून खाली ओढणारा. वेबरच्या ३२/३६ या प्रसिद्ध जातीत घशाखालची पहिली झडप ३२ मिमीची आणि दुसरी ३६ ची. शहरात पहिलाच घसा काम करतो, म्हणून हवा वेगात राहते. पाय खोल गेला की दुसरा उघडतो. पण तोही दीड-दोन लिटरच्या इंजिनांना शोभतो, पद्मिनीला त्याहून लहान हवा.

दुसरी सुरेख युक्ती एसयू या ब्रिटिश कार्ब्युरेटरची. तिथे घशाचं माप ठरलेलं नसतंच. आतला पिस्टन हवेच्या मागणीप्रमाणे वर-खाली होतो, त्यामुळे वेग जवळपास कायम राहतो, आणि पिस्टनला जोडलेली निमुळती सुई जेटमध्ये हलून पेट्रोल मापते. हेच तत्त्व आपल्याकडच्या अनेक मोटरसायकलींच्या सीव्ही (स्थिर-वेग) कार्ब्युरेटरमध्ये होतं. दर सिलिंडरला स्वतंत्र घसा देणारे साइड-ड्राफ्ट (हवा आडवी ओढणारे) ऐकायला फार गोड, मलाही त्यांचा आवाज आवडतो. पण दोन कार्ब्युरेटरची हवा सारखी करायला रबरी नळी कानाला लावून सूं-सूं जुळवणारा कारागीर हवा. तो मुंबईत अजून सापडतो, पण शोधावा लागतो.

ताडदेवला २००३ मध्ये नोंदलेली शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून उतरली. ज्यांनी या गाड्या जपल्यात, त्यांच्यापुढे आता आणखी एक बाब आहे, ती म्हणजे पेट्रोलमधलं २० टक्के इथेनॉल. शुद्ध पेट्रोलच्या एका भागाला वजनाने १४.७ भाग हवा लागते, इथेनॉलला ९. मिश्रणाला सुमारे साडेतेरा. जुना जेट तसाच ठेवला तर पेट्रोल कमी पडून इंजिन उपाशी चालतं. इथेनॉल दमट हवेतलं पाणी ओढतं आणि जुन्या रबराला फुगवतं, तेव्हा डायफ्राम आणि पाइपही बदलायला हवेत.

आतेभावाने शेवटी सोलेक्सच परत बसवला. जेटवरचा आकडा म्हणजे मिलिमीटरचे शंभरावे भाग. त्याच्याकडे १२० चा होता, तिथे १२५ चा घातला, म्हणजे छिद्राचं क्षेत्रफळ साडेआठ टक्क्यांनी वाढलं. नंतर दादर ते माहीम दोन फेऱ्या मारून प्लग काढून बघितले. पहिल्यांदा पांढरेफटक होते, म्हणजे इंजिन उपाशी, आता चहाच्या रंगावर आलेत.