कळंगुटचा एसी, कोरब्याचा धूर

मे महिन्यात कळंगुटच्या हॉटेलांतले एसी रात्र रात्र चालतात, पण त्यांचा धूर गोव्यात कुणाला दिसत नाही. सरकारचे कोळशावरचे वीजकेंद्र इथे नाहीच. बरीचशी वीज छत्तीसगडमधल्या कोरबा, मध्य प्रदेशातल्या विंध्याचल अशा औष्णिक केंद्रांतून येते. उलट मुरगाव बंदरात उतरणारा कोळसा कर्नाटकातल्या पोलाद कारखान्यांकडे जातो. मग गोव्याचे कार्बन उत्सर्जन मोजायचे कुठे? धुराड्यापाशी मोजले तर आपण बऱ्यापैकी स्वच्छ ठरतो, स्विचपाशी मोजले तर नाही. मला स्विचपाशी मोजणे जास्त प्रामाणिक वाटते.

या हिशेबासाठी जपानी ऊर्जा अर्थतज्ज्ञ योइची काया यांचे सूत्र सोयीचे आहे. लोकसंख्या, दरडोई उत्पन्न, एका रुपयाच्या उत्पन्नामागे लागणारी ऊर्जा आणि ऊर्जेच्या एका एककामागे निघणारा कार्बन डायऑक्साइड, या चारांचा गुणाकार म्हणजे उत्सर्जन. तंत्रज्ञानाचा जोर शेवटच्या दोहोंवर चालतो. गोव्याचे दरडोई उत्पन्न देशात अगदी वरच्या रांगेत आहे. शिवाय पर्यटक आपल्या लोकसंख्येत मोजले जात नाहीत, त्यांनी जाळलेली वीज मात्र मोजली जाते!

आपल्या ग्रिडमधल्या, म्हणजे देशभरच्या वीजजाळ्यातल्या, एका युनिटमागे सरासरी सुमारे 0.7 किलो कार्बन डायऑक्साइड निघतो. जुना एसी तासाला दीड युनिट खातो असे धरू. आठ तासांची 12 युनिटे, म्हणजे साधारण साडेआठ किलो. नवा इन्व्हर्टर एसी तासाला एका युनिटात भागवतो. पण बिल उतरले म्हणून तो 12 तास चालू ठेवला, की पुन्हा 12 युनिटे! वाफेची इंजिने सुधारली तसा कोळशाचा खप वाढतच गेला, हे इंग्रज अर्थतज्ज्ञ जेव्हन्स यांनी 1865 मध्येच दाखवले होते.

2012 मध्ये गोव्यातल्या लोहखनिजाच्या खाणी बंद झाल्या तेव्हा खनिजाचे ट्रक आणि बार्जही थांबले. त्यांचे डिझेल वाचले, पण त्यात तंत्रज्ञानाचा काही वाटा नव्हता. खाणपट्ट्यातल्या घरांची कमाई बुडाली होती.

कोकण रेल्वेचे उदाहरण वेगळे. 2022 मध्ये तिचे विद्युतीकरण पूर्ण झाले आणि मडगावातला बराचसा धूर कोरब्याकडे सरकला. तरी हा सौदा फायद्याचाच. डिझेल इंजिन जन्मभर डिझेलच पिणार. विजेचे इंजिन मात्र ग्रिडमध्ये सौर आणि पवन वीज वाढेल तसे आपोआप स्वच्छ होत जाते. एसीचेही तसेच, फक्त तो चालतो रात्री. सौर पॅनेलची दुपारची वीज रात्रीपर्यंत बॅटरीत टिकवायला किती खर्च येतो, यावर कळंगुटच्या एसीचा पुढचा हिशेब ठरेल.