डांबर कुठं गेलं?

मे महिन्यात आमच्या गावच्या ग्रुपवर एक व्हिडिओ फिरला. रस्त्याचं काम चाललेलं, कॅमेरा नुकत्याच दाबलेल्या थरावर, आणि मागून आवाज: "भाऊ, यामा डांबर कोठे शे? नुसती माटी शे!" जुनाच रस्ता खरवडून तोच माल परत पसरलाय, वर काळी तुकतुकी नाही, म्हणजे ठेकेदारानं डांबर खाल्लं. दुपारच्या आत ग्रुपवर निकाल लागला. ठेकेदार डांबर खात नाहीत, असं म्हणायची माझी हिंमत नाही. या खेपेला मात्र आरोप चुकला होता. डांबर तिथंच होतं, फक्त दिसत नव्हतं.

आपण ज्याला डांबर म्हणतो ते खरं तर बिटुमेन, म्हणजे कच्चं तेल शुद्ध करताना तळाला उरणारा चिकट गाळ. मूळ डांबर दगडी कोळशापासून निघायचं. कपाटात ठेवतो त्या डांबरगोळ्या त्या घराण्यातल्या. पण शब्द रुळलाय, तोच वापरतो.

आता हिशेब करा. सात मीटर रुंद रस्त्याचा वरचा १० सेंटिमीटरचा थर एक किलोमीटरभर खरवडला, तर साधारण १,६०० टन माल निघतो. त्यात चार-पाच टक्के धरले तरी सत्तरेक टन डांबर आणि बाकी सगळी काळ्या पाषाणाची खडी. ती खडी दहा-पंधरा वर्षांत म्हातारी होत नाही. म्हातारं होतं ते डांबर. जळगाव-भुसावळचा पारा ४५ वर गेला की काळा रस्ता साठीच्या पुढं तापतो, हवेतला ऑक्सिजन डांबराला कडक करत जातो आणि एक दिवस ते वाकण्याऐवजी तडकतं.

यावरचा जुना उपाय म्हणजे वर आणखी एक थर. दर खेपेला रस्ता चार बोटं वर येतो आणि कडेच्या घराचा उंबरा तेवढाच खाली जातो. आमच्या बसस्टँडसमोरच्या किराणा दुकानात पूर्वी दोन पायऱ्या चढून जायचो, आता एक उतरून जातो. पावसाळ्यात पाणीही तसंच आत जातं. खरवडून तोच माल वापरला तर हे टळतं. हा माल तापवून पुन्हा वरच्या थरात घालता येतो, पण म्हाताऱ्या डांबरावर थेट आच पडली की ते जळतं, धुरावतं, म्हणून त्याचं प्रमाण मर्यादित ठेवावं लागतं. खालच्या पायाच्या थरात मात्र तो न तापवता, थंडच वापरता येतो. प्रश्न एकच उरतो. थंड, ओलसर खडीला १६० अंशांचं घट्ट डांबर लावायचं कसं?

उत्तर आपल्या फोडणीत आहे. कढईत तेल कडकडीत तापलंय आणि त्यात धुतलेली, न निथळलेली कांद्याची पात पडली, तर काय होतं? पाण्याचा थेंब तेलाखाली जातो, क्षणात त्याची वाफ होते, आणि वाफेला पाण्यापेक्षा सुमारे १,६०० पट जास्त जागा लागते. तेल तडतडतं, कारण ते पातळ असतं आणि वाफ ते फोडून निसटते. डांबर चिकट असतं. ते वाफेला सहज निसटू देत नाही, तिच्याभोवती पातळ पापुद्रा धरतं. त्याचे बुडबुडे होतात. एक किलो तापल्या डांबरात २५ ग्रॅम, म्हणजे जेमतेम दोन मोठे चमचे, थंड पाणी दाबानं मारलं की कागदावर चाळीसेक लिटर वाफ होते. बरीचशी निसटते, तरी डांबर दहा-पंधरा पट फुगतं. अमेरिकेत आयोवाच्या प्रा. लॅडिस चान्यी यांनी १९५६ च्या सुमारास हा फेस वाफ सोडून करून पाहिला. पुढं १९६८ च्या सुमारास ऑस्ट्रेलियात मोबिल कंपनीनं वाफेऐवजी थंड पाणी वापरलं आणि बॉयलरची कटकट संपली.

हा फेस काही सेकंदांतच बसायला लागतो. तेवढ्यात तो मालात मिसळला पाहिजे, आणि खरी गंमत इथं आहे. बुडबुडे फुटतात, त्यांच्या पापुद्र्यांचे बारीक बारीक कण होतात. असा कण मोठ्या खडीवर पडला तर खडी त्याची सगळी उष्णता शोषून घेते, तो गारठतो आणि चिकटत नाही. तोच कण दगडाच्या भुकटीत पडला तर भुकटीचे कण इतके हलके की त्या एवढ्याशा ऊबेनंच ते तापतात आणि डांबराला धरतात. म्हणजे डांबर आपणहून भुकटी निवडतं! भुकटी आणि डांबराचा हा गारा खड्यांच्या मधे ठिकठिकाणी बसतो, रोलरखाली दाबला जातो आणि वेल्डिंगच्या ठिपक्यांसारखा खड्यांना जोडतो. खड्यांचे चेहरे नव्या डांबरानं माखतच नाहीत. म्हणून थर करडा, मातकट दिसतो. नवं डांबर दोन-तीन टक्केच, जोडीला एखादा टक्का सिमेंट. सिमेंट वाढवलं की थर ठिसूळ होतो. आतलं पाणी उडत जाईल तशी ताकद पुढचे कित्येक दिवस वाढत राहते.

ठिपक्यांचा हा जोड टायरचं घासणं आणि वरून पडणारं पाणी सोसत नाही, म्हणून हा थर पायाचाच. वर गरम डांबरी थर यायचाच असतो. व्हिडिओवाल्यानं अर्धं काम पाहून निकाल दिला. इंडियन रोड्स काँग्रेसनं पुनर्वापरावर २०१५ साली स्वतंत्र मार्गदर्शिकाच काढली आहे, आयआरसी १२० नावाची.

तरी "शंभर टक्के पुनर्वापर, देखभाल शून्य" असं सांगणारा भेटला तर मान डोलवू नका. आमच्याकडची काळी कसदार जमीन पावसात फुगते, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा देते. बाजूला गटार नसेल तर थर फेसाचा असो की सोन्याचा, खालची माती त्याला नाचवणारच. त्या दिवशी साइटवर फेस मिसळणाऱ्या मशीनच्या पुढं लिंबू-मिरची लटकत होती. मला काळजी पाणी मारणाऱ्या नोझलची होती. ते चोंदलं तर फेस होत नाही, आणि नुसतं डांबर मालात गोळे होऊन पडतं.

व्हिडिओतला आवाज आमच्या आप्पांचाच होता. त्यांना घेऊन संध्याकाळी साइटवर गेलो. इंजिनीअरनं मशीनमागून मूठभर ताजा माल त्यांच्या हातावर ठेवला आणि आवळायला सांगितलं. आप्पांनी आवळला, मूठ उघडली. लाडूसारखा गोळा झालेला. तो टाकला तर तळहातावर तिळाएवढे काळे ठिपके, सगळीकडे सारखे पसरलेले.

"एवढंच?" आप्पा म्हणाले, आणि ठिपके धोतराला पुसायला लागले. ते काही निघेनात. शेवटी घरी येऊन रॉकेल लावलं.