बी-ट्वेल्व्हची लाल सुई घरी टोचताना

बी-ट्वेल्व्हच्या अँप्यूलमधलं, म्हणजे काचेच्या बंद कुपीतलं, औषध लालभडक दिसतं. तो वरून घातलेला रंग नव्हे. या जीवनसत्त्वाच्या रेणूच्या मधोमध कोबाल्टचा अणू असतो, आणि त्याच्याभोवतीच्या रचनेमुळे तो रंग येतो. आपल्याकडे बहुतेकदा मिळणारं बी-ट्वेल्व्हचं रूप, मिथाइलकोबालामिन, उजेडात पटकन बदलतं, म्हणून त्याची काच तपकिरी असते. अँप्यूल खोक्यातून काढायची ती टोचायच्या वेळीच.

त्याआधी, सुई लागणार आहे का? शरीराला रोज लागतात साधारण 2 ते 2.5 मायक्रोग्रॅम. अन्नातलं बी-ट्वेल्व्ह जठरात तयार होणाऱ्या एका प्रथिनाचा हात धरून लहान आतड्याच्या शेवटच्या भागात शोषलं जातं. ते प्रथिनच बनत नसेल किंवा आतड्याचा तो भाग काढून टाकलेला असेल, तर सुईला खरं कारण आहे. हातापायांना मुंग्या येतात, चालताना तोल जातो, हिमोग्लोबिन फार उतरलंय, अशा वेळीही डॉक्टर सुईनेच सुरुवात करतात. पण निव्वळ शाकाहारामुळे कमतरता असेल तर बहुतेकांचं गोळीवर भागतं. 1000 मायक्रोग्रॅमच्या गोळीतलं जेमतेम 1 टक्का त्या प्रथिनाशिवायही आत झिरपतं. म्हणजे 10 मायक्रोग्रॅम, गरजेच्या चौपट! सुईवरचा आपला विश्वास मात्र गणिताला जुमानत नाही.

रक्त तपासायचं ते पहिल्या सुईआधी. नंतरचा आकडा फुगलेलाच येतो आणि मूळ कमतरता किती होती ते कळत नाही. पहिला डोस दवाखान्यातच घ्यावा. क्वचित का होईना, तीव्र अ‍ॅलर्जी येते. बी-वन मिसळलेल्या इंजेक्शनांत हा धोका विशेष लक्षात ठेवावा. अंगावर गांधी, ओठांना सूज, धाप असं काही दिसलं तर लगेच 108.

घरी घ्यायचं ते चिठ्ठीवर लिहिलेलंच औषध, आणि नर्सकडून एकदा समोर बसून शिकल्यावर. स्वतःला टोचायला मांडी सोयीची. खुर्चीत बसा. गुडघ्याच्या वर एक पंजा आणि खुब्याच्या खाली एक पंजा जागा सोडा. मधे उरलेल्या पट्ट्याची बाहेरची बाजू ती आपली जागा. कुल्ल्यावर स्वतः टोचू नये. हात मागे वळवून नेम चुकतो आणि तिथून पायाचा मोठा मज्जातंतू जातो.

हात साबणाने धुवा. अँप्यूलच्या मानेत अडकलेलं औषध टिचकी मारून खाली आणा. मानेवरचा ठिपका आपल्याकडे करा, कापसात धरून अंगठा ठिपक्यावर ठेवा आणि बाहेरच्या दिशेला मोडा. 2 मिलिच्या सिरिंजमध्ये औषध ओढून घ्या आणि सुई बदला: पहिलीचं टोक काचेला घासून बोथट झालेलं असतं, कधी काचेचा कणही चिकटतो. टोचायला 23 गेजची, एक इंची सुई साधारणपणे पुरते. (गेजचा आकडा वाढतो तशी सुई बारीक होते, यात दुकानात हमखास घोटाळा होतो.) लहानसा बुडबुडा स्नायूत गेल्याने काही बिघडत नाही, फक्त डोस तेवढा कमी भरतो.

स्पिरिट लावून अर्धा मिनिट वाळू द्या. ओल्या स्पिरिटवर टोचलं की चुरचुरतं, आणि दोष मात्र औषधाला जातो. मांडी सैल सोडा, सुई काटकोनात एका झटक्यात आत, मग औषध सावकाश, 1 मिलिला दहा सेकंद. सुई काढून कापूस दाबून धरा, चोळू नका. पुढच्या वेळी दुसरी मांडी. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर स्नायूत रक्त साकळू शकतं. डॉक्टरांना आधी विचारा. दुसऱ्या दिवशी जागा लाल, गरम, टणक होत गेली किंवा ताप आला तर दाखवायला जा.

हे सगळं बी-ट्वेल्व्हपुरतं. डी जीवनसत्त्वाचं 6 लाख युनिटचं इंजेक्शन तेलकट असतं, बारीक सुईतून सरकत नाही. शिवाय ते चरबीत साठतं. जास्तीचं बी-ट्वेल्व्ह लघवीवाटे निघून जातं, तशी सोय इथे नाही. डोसावर डोस झाले तर रक्तातलं कॅल्शियम चढतं: उलट्या, खूप तहान, मूत्रपिंडाला इजा. ते घरी टोचायच्या फंदात पडू नये.

वापरलेल्या सुईला टोपण परत लावू नका. बोटाला टोचते ती नेमकी तेव्हाच. ती सरळ जाड प्लास्टिकच्या बाटलीत टाका. 2016 च्या घनकचरा नियमांत घरातल्या वापरलेल्या सुया घरगुती घातक कचऱ्यात धरल्या होत्या, ओल्या-सुक्यात नव्हे. बाटली तीन चतुर्थांश भरली की झाकण चिकटपट्टीने बंद करा, वर ‘सुया’ असं लिहा आणि ओळखीच्या दवाखान्याला विचारून तिथे नेऊन द्या.