पाण्याच्या दिवशीचा राग

सोलापूरकरांना 'पाण्याचा दिवस' म्हणजे काय हे सांगायला नको. काही दिवसांआड येणाऱ्या नळासाठी अख्खं घर पहाटेच उठून बसतं. पिंप, घागरी, कळशा मांडायच्या, मोटर चालू-बंद करायची, आणि धार बारीक झाली की शेजारच्यांवर संशय घ्यायचा. अशाच एका सकाळी माझ्या बहिणीच्या आठ वर्षांच्या मुलानं भरलेली घागर लाथेनं आडवी केली. कारण काय, तर मोज्याची शिवण बोटाला टोचत होती. पाचेक मिनिटं तो किंचाळला, मग कितीतरी वेळ जिन्यात बसून हुंदके देत राहिला. शाळेची रिक्षा हॉर्न मारून निघून गेली. आजी म्हणाली, "दोन ठेवून द्या, सरळ येतंय बघा." ताई काही बोलली नाही. ती फरशीवरचं पाणी फडक्यानं टिपून बादलीत पिळत होती.

पोरगं लाडावलंय, यावर नातेवाइकांचं एकमत होतं. कबूल करतो, माझंही तेच मत होतं.

मेंदूत कपाळामागचा एक भाग आवेगाला लगाम घालतो. तो पूर्ण पिकायला पंचविशी उजाडते. धोका, अपमान, त्रास यांची घंटा वाजवणारा अमिग्डाला मात्र लहानपणीच जोरात कामाला लागलेला असतो. म्हणजे मुलाच्या गाडीला इंजिन दणकट आणि ब्रेक कच्चा. काही मुलांचा ब्रेक बरोबरीच्यांपेक्षा आणखी मऊ असतो. त्यात आईबापाचा दोष असेलच असं नाही.

मायकेल पोटेगल या अमेरिकी संशोधकानं लहानग्यांच्या आकांडतांडवाचा अभ्यास केला. त्यानं आणि त्याच्या सहकाऱ्यांनी मुलांच्या कपड्यात चक्क छोटा माईक शिवला आणि घरचा खराखुरा आरडाओरडा टिपला. २०११ साली छापलेला त्यांचा निष्कर्ष असा: किंचाळणं, ओरडणं, म्हणजे राग, झपकन शिखर गाठतो आणि उतरतो. रडणं, कुरकुर, म्हणजे दुःख, मात्र खालून सतत वाहत असतं. आधी राग, मग दुःख असे दोन टप्पे नसतात. दोन्ही एकत्रच असतात, राग ओसरला की दुःख उघडं पडतं. ही मुलं आमच्या भाच्यापेक्षा बरीच लहान होती, पण जिन्यातले हुंदके मला तेव्हा उमगले. राग शिखरावर असताना "का केलंस? बोल, का केलंस?" असं खडसावलं, तर तो उतरायच्या आत पुन्हा चढतो. त्या वेळी कमी बोलावं, घागर बाजूला घ्यावी आणि थांबावं. समजूत नंतर, पोटात काही गेल्यावर घालावी.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची, आणि पचायला जड. ओरेगॉनमधल्या जेराल्ड पॅटरसन या मानसशास्त्रज्ञानं निरीक्षकांना थेट लोकांच्या घरात बसवलं आणि कोण काय बोललं, त्यावर कोण काय करतं, हे काही सेकंदांच्या टप्प्यानं नोंदवून घेतलं. त्यातून त्याला एक सापळा दिसला. आई म्हणते, मोबाईल ठेव. मुलगा ओरडतो. आई आवाज चढवते, मुलगा ताट ढकलतो. शेवटी आई म्हणते, "घे बाबा, डोकं नको खाऊस." क्षणात घर शांत. मुलाला मोबाईल मिळाला, आईला शांतता मिळाली. दोघांनाही बक्षीस! मूल शिकतं की ताट ढकललं की काम होतं, आणि आई शिकते की माघार घेतली की सुटका होते. पुढच्या वेळी दोघंही तिथं लवकर पोचतात. कधीतरी उलटंही होतं. बाप गरजतो, मूल गप्प होतं, आणि गरजण्याची सवय पक्की होते.

त्यातून दहा वेळा 'नाही' आणि अकराव्या वेळी 'घे' म्हटलं, तर ते सर्वांत वाईट. अधूनमधून मिळणाऱ्या फळानं सवय अधिक घट्ट होते. लॉटरीचं तिकीट घेणाऱ्याला हे वेगळं सांगायला नको.

ताईनं एक वही केली. स्फोट कधी झाला, त्याआधी काय झालं, नंतर त्याला काय मिळालं, एवढंच लिहायचं. तीन आठवड्यांत चित्र उमटलं. स्फोट दोनच वेळांना गर्दी करत होते: पाण्याच्या दिवशी सकाळी आणि वाचनाचा गृहपाठ काढला की. पाण्याच्या दिवशी पोरगं मोटरच्या आवाजानं साडेचारला जागं व्हायचं, आणि आदल्या रात्री उकाड्यामुळे अकराच्या आत डोळा लागलेला नसायचा. सहा ते बारा वर्षांच्या मुलांना नऊ ते बारा तास झोप लागते. याला साडेपाच मिळत होती, आणि वर आम्ही शिवण टोचली म्हणून हसत होतो.

आता तो पाण्याच्या आदल्या रात्री आतल्या खोलीत, पंख्याखाली, लवकर झोपतो. मोबाईलबाबत ठरलं की जेवताना नाही म्हणजे नाही, आणि नीट जेवला की ताबडतोब, नेमक्या शब्दांत कौतुक: "ओरडलास, पण ताट नाही ढकललंस." पहिले चार दिवस परिस्थिती बिघडली. तो पूर्वीपेक्षा मोठ्यानं ओरडला, चप्पल फेकली. ताईचा रात्री फोन: "उपाय फसला." फसला नव्हता. जुनं बटण दाबून दिवा लागेनासा झाला की माणूस ते आणखी जोरात दाबतो, तसंच हे. बरीच घरं नेमकी इथं हार मानतात आणि मुलाला नवी, वरची किंमत शिकवून बसतात.

आजीच्या 'दोन ठेवून द्या'बद्दलही सांगायला हवं. २०१६ साली सुमारे एक लाख साठ हजार मुलांवरचे अभ्यास एकत्र तपासले गेले. मार खाण्याचा संबंध जास्त आक्रमकपणाशी आणि मानसिक त्रासाशी निघाला, सुधारणेशी नाही. आजीला हे पटलेलं नाही.

घरी तेलुगू, शाळेत मराठी, म्हणून पोरं चिडकी होतात, असंही आपल्या पेठांमध्ये ऐकू येतं. दोन भाषांनी असं काही होत नाही.

पण प्रत्येक चिडचिड वहीनं सुटत नाही. अमेरिकेत १९९० च्या दशकाच्या मध्यापासून दहाएक वर्षांत मुलांच्या 'बायपोलर' (उन्माद आणि नैराश्य यांचे झटके येणारा आजार) निदानाच्या भेटी सुमारे चाळीस पट झाल्या. एलेन लायबेनलुफ्ट यांच्या गटानं अशा सततच्या चिडक्या मुलांचा माग ठेवला, तेव्हा पुढे त्यांच्यात उन्माद क्वचितच दिसला. नैराश्य आणि चिंता यांचाच धोका जास्त निघाला. म्हणून २०१३ मध्ये अशा सततच्या चिडचिडीसाठी एक वेगळं निदान आलं. आठवड्यातून तीन किंवा जास्त स्फोट, मधल्या काळातही बहुतेक दिवस चिडकी मनःस्थिती, हे वर्षभर, आणि घर, शाळा, सवंगडी यांपैकी किमान दोन ठिकाणी. सहा वर्षांच्या आत हे निदान करत नाहीत. आमचा भाचा शाळेत गरीब गाय आहे, त्यामुळे तो यात बसत नाही. वाचनात मात्र खरी अडचण असावी. त्याची तपासणी चालू आहे. ऐकू कमी येणं, रक्तात लोह कमी असणं, अवधानाचा दोष, शाळेतली छळवणूक, हेही आधी बघून घ्यावं लागतं.

आपल्याकडे सिव्हिलमध्ये मानसोपचार विभाग आहे. २०२२ पासून टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेचा १४४१६ हा मोफत क्रमांकही आहे, तिथं मराठीत बोलता येतं. मूल 'मरून जावंसं वाटतं' म्हणालं किंवा स्वतःला इजा करू लागलं, तर वही-बिही बाजूला ठेवून त्याच दिवशी दाखवायचं.

परवा ताईकडे गेलो तेव्हा वही चाळली. शेवटची नोंद तिच्या अक्षरात: 'पाणी ५.२० ला आलं. मोजे रात्रीच उलटे करून ठेवले होते. ओरडला. घागरीकडे गेला नाही.' खाली पेन्सिलीनं, वाकड्या अक्षरात, कुणीतरी भर घातली होती: 'आजी पन ओरडली.'